कॅमेऱ्यापासून हायपोपर्यंत

कोल्हापुरात खरी कॉर्नरला एका कॅमेऱ्याचं स्मारक आहे. राजांचे, योद्ध्यांचे, पुढाऱ्यांचे पुतळे गावोगाव असतात. यंत्राला चौकात मान देणारं गाव विरळा. हा मान मिळालेला कॅमेरा बोटीतून आलेला नव्हता. बाबूराव पेंटर आणि त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी तो १९१८ साली याच गावात आपल्या हातांनी बनवला. भारतात तयार झालेला पहिला चलच्चित्र कॅमेरा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

कोल्हापूरकरांना ही गोष्ट तोंडपाठ आहे. पण ती सांगताना आपण बहुतेक वेळा कॅमेऱ्यापाशीच थांबतो. कॅमेरा प्रकाश आत घेतो, एवढंच त्याचं काम. फिल्मवर चित्र उमटलेलं असतं, पण ते दिसत नाही. ते दिसायला फिल्म धुवावी लागते, आणि ज्याला ती धुता येत नाही त्याचं चित्र परक्याच्या हाती राहतं. बाबूरावांच्या मंडळींनी हे नेमकं ओळखलं होतं. चित्रण करणं, फिल्म धुणं, सुकवणं, प्रत छापणं ही सारी कामं त्यांनी एका छपराखाली आणली. कोल्हापूरचा खरा पराक्रम मला या अख्ख्या साखळीत दिसतो. घरच्या ओट्यावर आजही कुणी रोल धुतो, तेव्हा तो याच साखळीतली एक कडी हातात घेतो.

फिल्म लंडनला जायची तेव्हा

या पराक्रमाचं मोल कळायला आधीची वीस वर्षं पाहावी लागतात. १८९६ साली मुंबईत ल्यूमिएर बंधूंचे खेळ झाले. ते पाहून भारावलेले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. भारतीय माणसाने केलेलं हे पहिलं चित्रण मानलं जातं. मात्र ती फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली. आपण काय टिपलंय हे सावेदादांना कळायचं ते फिल्म समुद्र ओलांडून परत आल्यावर.

दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १९१२च्या मे महिन्यात मुंबईत लागला. त्याचंही चित्रण इंग्रज कॅमेरामनने केलं होतं आणि फिल्म धुतली गेली ती लंडनमध्येच. पुढची पायरी चढले दादासाहेब फाळके. ते १९१२ साली लंडनला गेले, तंत्र शिकले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’ची फिल्म दादरच्या घरात धुतली गेली. कच्च्या फिल्मच्या कडांना अंधारात भोकं पाडण्याचं, रात्री ती धुण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करत. भारतीय सिनेमाच्या पहिल्या प्रयोगशाळेत एका मराठी गृहिणीचे हात राबले आहेत, हे आपण पुरेशा मोठ्याने सांगत नाही.

फाळक्यांनी फिल्म धुणं घरी आणलं, पण यंत्र परदेशीच होतं. कोल्हापूरने यंत्रच घरी घडवायला घेतलं.

पडदे रंगवणारे दोघे भाऊ

आनंदराव आणि बाबूराव हे नात्याने भाऊ, आडनाव मेस्त्री. संगीत नाटकांच्या भरभराटीचा तो काळ. नाटक मंडळ्यांना राजवाडे, रस्ते, अरण्यं रंगवलेले भव्य पडदे लागत, आणि या दोघांनी रंगवलेल्या पडद्यांना मोठी मागणी होती. त्यावरूनच ‘पेंटर’ हे नाव त्यांना चिकटलं. सपाट कापडावर खोली कशी दाखवायची, उजेड कुठून आला की सावली कुठे पडते, हा त्यांचा रोजचा धंदा होता. फाळक्यांचं चित्र पाहिल्यावर दोघांना सिनेमाचं वेड लागलं. चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय त्यांनी करून पाहिला. त्या निमित्ताने प्रक्षेपणाचं यंत्र उघडून, जोडून, समजून घेतलं. मग स्वतःचा कॅमेरा करायचं ठरलं. त्यात महायुद्धाने परदेशी माल दुर्मीळ केला होता. १९१६ साली आनंदराव अकाली गेले. अर्धं राहिलेलं काम बाबूरावांनी सोडलं नाही. यंत्रात उत्तम गती असलेले दामले त्यांच्या जोडीला होते, आणि दोघांनी ते तडीस नेलं.

हे काम किती नाजूक होतं, ते थोडं तपशिलात पाहू. सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद. प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं. कॅमेऱ्यातला आकडा त्या भोकांत शिरतो, फिल्म बरोबर एक चौकट खाली ओढतो आणि बाहेर निघतो. ओढताना प्रकाश बंद हवा. ओढून झाली की फिल्म जागच्या जागी निश्चल हवी, आणि तेवढ्या क्षणापुरता पडदा उघडून प्रकाश आत यायला हवा. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा घडायचं. मोटर नव्हती. कॅमेरामन हाताने दांडा फिरवायचा, सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चौकटी.

आता चुकीला जागा किती, ते पाहा. फिल्मवरची चौकट जेमतेम २४ मिलिमीटर रुंद. ती पाच मीटरच्या पडद्यावर टाकली म्हणजे दोनशे पटींहून मोठी झाली. फिल्म दर चौकटीला मिलिमीटरचा दहावा हिस्सा जरी इकडेतिकडे थांबली, तरी पडद्यावरचा राजवाडा दोन सेंटिमीटर थरथरणार. कानशीने घासून, लेथवर कातून, पुन्हा पुन्हा बसवून बघत एवढी अचूकता आणायची होती, आणि ज्यांनी ती आणली त्यांच्यापैकी कुणीही यंत्रविद्येच्या कॉलेजात शिकलेला नव्हता.

लाल दिव्याची खोली

महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७-१८च्या सुमारास उभी राहिली. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिलं. राजर्षी शाहू महाराजांनी जागा आणि विजेचं जनित्र देऊन आधार दिला. एक गायिका, एक राजा आणि मूठभर कारागीर यांच्या बळावर कंपनी चालू झाली.

त्या काळी फिल्म कशी धुतली जायची, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. लाकडी चौकटीवर फिल्म वेढे घालून गुंडाळायची आणि ती चौकट रसायनाच्या उभ्या टाकीत बुडवायची. पहिली टाकी डेव्हलपरची, मग साधं पाणी, मग हायपो, म्हणजे प्रकाश न लागलेले क्षार विरघळवणारं रसायन, मग बराच वेळ पुन्हा पाणी. शेवटी मोठ्या लाकडी ढोलावर फिल्म गुंडाळून ढोल फिरवत ठेवायचा, म्हणजे ती एकसारखी सुके.

ती फिल्म लाल रंगाला आंधळी होती. त्यामुळे लाल दिव्याच्या उजेडात काम चालायचं आणि धुणाऱ्याला चित्र हळूहळू काळं होत जाताना डोळ्यांनी दिसायचं. चौकट वर काढायची, दिव्यासमोर धरायची, पुरेसं गडद झालं का ते पाहायचं. घड्याळापेक्षा नजरेवर भरवसा. एक दृश्य उन्हात घेतलेलं, दुसरं ढगाखाली, तर दोघांना टाकीत किती वेळ ठेवायचं हे धुणाऱ्याने ठरवायचं. कॅमेरामनने घेतलेला निर्णय डार्करूममध्ये पुरा व्हायचा.

फिल्मच्या त्या आंधळेपणाची किंमत चित्रणातही मोजावी लागे. कुंकू काळं दिसायचं, लाल शालू काळा, निळं आभाळ पांढरंफटक. म्हणजे नेपथ्य, कपडे, रंगभूषा यांचा विचार डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांत करून भागत नसे. कुठला रंग फिल्मवर किती करडा उतरेल हे आधीच मनात धरावं लागे. पडदे रंगवलेल्या माणसाला हे गणित जमलं, यात नवल नाही. त्याच माणसाने रंगवलेल्या पडद्यांचा मोहही सोडला. सपाट पडद्याऐवजी घन, लांबी-रुंदी-खोली असलेलं नेपथ्य उभं करायला त्यांनी सुरुवात केली, कारण कॅमेऱ्याला खोटी सावली लगेच कळते.

आपल्याकडच्या हवेचा त्रास वेगळाच. फिल्मवरचा रसायनांचा थर जिलेटिनचा असतो. पाणी गरम असेल तर तो फुगतो, मऊ पडतो, कडेने सुटतो. उष्ण प्रदेशातल्या प्रयोगशाळांमध्ये रात्री धुणं, बर्फाने पाणी गार करणं आणि हायपोत तुरटी घालणं हे उपाय त्यासाठीच होते. तुरटीने जिलेटिन कडक होतं. आणि या सगळ्यावर आगीची टांगती तलवार. फिल्मचा पाया नायट्रेटचा होता. एकदा पेटला की पाण्याखालीही जळत राहतो.

‘सैरंध्री’ आणि तिच्यानंतर

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट झळकला. पुरुषांनीच स्त्रियांच्या भूमिका करण्याच्या त्या दिवसांत त्यात स्त्रिया पडद्यावर आल्या. कीचकवधाचं दृश्य इतकं जिवंत उतरलं की ते पुढे कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी चित्र पाहून बाबूरावांना सुवर्णपदक आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. गावात बनलेला कॅमेरा आणि गावात धुतलेली फिल्म यांचा हा गौरव होता.

पुढची काही वर्षं कंपनी थांबली म्हणून नाही. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) रात्रीच्या प्रसंगांसाठी विजेच्या दिव्यांवर चित्रण झालं, सूर्याची गरज संपायला तिथून सुरुवात झाली. ‘सावकारी पाश’ (१९२५) ना. ह. आपटे यांच्या कथेवरचा. कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट. पुराणातून आणि इतिहासातून उतरून कॅमेरा शेताच्या बांधावर आला. त्यातला तरुण शेतकरी होता व्ही. शांताराम.

शांतारामबापू १९२०च्या सुमारास कंपनीत आले ते पडेल ते काम करायला. या संस्थेचं मोठेपण मला इथे दिसतं. तिच्यात खाती नव्हती. अभिनय करणारा पोरगा प्रयोगशाळेतही राबायचा. नेपथ्य करणाऱ्या फत्तेलालांना कॅमेरा कळायचा. दामल्यांना यंत्रही कळायचं आणि रसायनही. ज्याला फिल्मची अख्खी वाट पायाखालून गेलेली असते, तो दिग्दर्शक झाल्यावर अशक्य मागण्या करत नाही आणि शक्य असलेल्या सोडत नाही.

१ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला मराठी बोलपट त्यांचाच. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली, आणि तीन वर्षांनी दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ आला, ज्याची दखल व्हेनिसच्या महोत्सवात घेतली गेली. प्रभातच्या पुण्याच्या आवारातच नंतर देशाची फिल्म संस्था उभी राहिली. खरी कॉर्नरचा धागा इतका लांब जातो.

याच प्रवासात एक धडा आहे. १९३३ साली प्रभातने गुरूच्या पहिल्या चित्राची कथा पुन्हा घेतली आणि ‘सैरंध्री’ रंगीत करायचं ठरवलं. रंगीत फिल्म धुण्याची, छापण्याची सोय इथे नव्हती, म्हणून काम जर्मनीत करावं लागलं. रंग मनासारखे आले नाहीत आणि प्रयोग फसला. चित्रण तेच कसलेले लोक करत होते; कथा परिचयाची होती. हातातून सुटली होती ती शेवटची पायरी, फिल्म धुण्याची आणि छापण्याची. १९२०ची ‘सैरंध्री’ आणि १९३३ची ‘सैरंध्री’ शेजारी ठेवली की डार्करूम आपली असणं म्हणजे काय, ते वेगळं सांगावं लागत नाही.

काय जळलं, काय उरलं

बाबूरावांची ‘सैरंध्री’ आज आपल्याला पाहता येत नाही. मूळ ‘सावकारी पाश’ही नाही, उरला आहे तो त्यांनीच १९३६ साली काढलेला बोलपट. नायट्रेट फिल्म आपोआप सडते, चिकट होते, भुकटी होते, आणि पेटली तर काहीच उरत नाही. जानेवारी २००३मध्ये पुण्याला लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा ठेवा गेला. आपल्या आरंभीच्या सिनेमाचं बहुतेक भांडवल असं हातातून निसटलं आहे.

चित्रं गेली, पण ती करण्याची रीत उरली आहे. १९२५ साली जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला, तो मुळात सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी चालवून तिच्यावर सुटे फोटो काढण्याच्या कल्पनेतून. चार भोकांऐवजी आठ भोकांची चौकट, एवढाच फरक. आज छत्तीस फोटोंचा जो रोल मिळतो, त्याच्या कडांची भोकं हीच. कोल्हापूरच्या कॅमेऱ्यातली फिल्म आणि आपल्या घरच्या याशिकातला रोल हे सख्खे नातलग आहेत.

कच्ची फिल्म मात्र भारतात व्हायला १९६७ उजाडलं. उटीच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सने ‘इंदू’ नावाने ती बाजारात आणली. बडोद्याला बनणारा अॅग्फा क्लिक थ्री हा डबा-कॅमेरा आणि त्यात बारा फोटोंचा रोल, ही एका पिढीची फोटोग्राफीची शाळा होती. पुढे डिजिटल आलं, उटीचा कारखाना बंद पडला, गल्लीतल्या स्टुडिओंच्या डार्करूममध्ये प्रिंटर आणि संगणक आले. तरी इंग्लंडात इल्फर्ड आणि अमेरिकेत कोडॅक आजही फिल्म बनवतात, आणि वडिलांच्या कपाटातला कॅमेरा काढून रोल घालणारी नवी मुलं आपल्याही शहरांत आहेत.

ओट्यावरची डार्करूम

काळा-पांढरा रोल घरी धुणं अवघड नाही, पण त्यात चालढकल खपत नाही. आजची फिल्म सगळ्या रंगांना जागी असते. लाल दिवाही चालत नाही. काळ्या कापडाच्या दुहेरी पिशवीत दोन्ही हात घालायचे आणि निव्वळ बोटांनी काम करायचं. रोलचं झाकण उघडायचं, फिल्मचं टोक कात्रीने सरळ कापायचं, प्लास्टिकच्या चक्रीच्या खाचेत सरकवायचं आणि चक्री उलटसुलट फिरवत अख्खा रोल वळवून घ्यायचा. फिल्म कुठे अडली तर बोटांना करकर जाणवते. घामेजल्या हातांनी जोर केला की ती हमखास अडते. थोडं मागे घेऊन पुन्हा सरकवावी. चक्री डब्यात गेली, झाकण घट्ट बसलं, की उरलेलं काम उजेडात.

डेव्हलपर म्हणून माझं मन बसलंय ते डी-७६वर. कोडॅकने १९२०च्या दशकात सिनेमाच्या फिल्मसाठीच ते आणलं. कृती उघड आहे: लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. प्रकाश लागलेल्या चांदीच्या क्षारांचं काळ्या चांदीत रूपांतर करायचं काम मेटॉल आणि हायड्रोक्विनोन करतात. सल्फाइट त्यांना हवेपासून जपतं. बोरॅक्सने मिश्रण सौम्य अल्कली राहतं.

सगळी गणितं वीस अंश तापमानाला मांडलेली असतात, आणि कोल्हापुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशीच्या वर जातं. तेव्हा बादलीत बर्फ टाकून रसायनाच्या बाटल्या तीत उभ्या करायच्या, तापमापक बुडवून थांबायचं. इल्फर्डची एचपी-५ फिल्म वीस अंशांना, पाणी न घातलेल्या डी-७६मध्ये साडेसात मिनिटं घेते; पारा चढला की वेळ कमी करावा लागतो. नुसतं डेव्हलपर गार करून भागत नाही. पुढचं पाणी आणि हायपोही त्याच तापमानाचं हवं, नाहीतर जिलेटिनला झटका बसून त्यावर बारीक सुरकुत्यांचं जाळं उठतं.

डेव्हलपर ओतलं की डबा उलटा-सुलटा करायचा, ओट्यावर हलकेच आपटायचा म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतात. मग दर मिनिटाला तेच. वेळ भरली की ओतून टाकायचं, मधलं पाणी द्यायचं आणि हायपो घालायचा. प्रकाश न लागलेले क्षार हायपो विरघळवून नेतो. सर जॉन हर्शेल यांनी हा त्याचा गुण १८१९ साली ओळखला; फोटोग्राफीचा जन्म होण्याच्या वीस वर्षं आधी. हायपोनंतर झाकण उघडून चक्री बाहेर काढली की ओली फिल्म उलगडते, आणि उजेडाच्या जागी काळं, सावलीच्या जागी पारदर्शक असं उलटं जग दिसतं. अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड तिथे काचेसारखा नितळ असतो आणि त्यावरचं ऊन शाईसारखं गडद. हा क्षण कधी जुना होत नाही.

पावसाळ्यात वेगळी कसोटी. हवा इतकी दमट की फिल्म सुकायला रात्र लागते. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्यावं, खाली चिमट्याचं वजन लावावं, आणि न्हाणीघराचं दार लावून धूळ बाहेर ठेवावी. ओल्या फिल्मवर बसलेला धुळीचा कण प्रत्येक प्रिंटवर पांढरा ठिपका होऊन येतो.

यातून मिळतं काय? जबाबदारी मिळते. फोटो फिका आला, तर दोष प्रकाश ओळखण्यात होता, वेळेत होता की पारा बघण्यात, हे शोधायला आपण आपल्यालाच विचारतो आणि उत्तर सापडतं. छत्तीसच चौकटी आहेत म्हटल्यावर बटण दाबायच्या आधी माणूस पाहतो. रंकाळ्यावरची सांज असो की गंगावेशीतली तालीम, ‘मग निवडू’ म्हणून शंभर फोटो काढायची मुभा नसते. बघणं आधी, टिपणं नंतर: पडदे रंगवणाऱ्या बाबूरावांचा क्रम हाच होता.

गावात एक डार्करूम हवी

कोल्हापूरने या वारशाचा मान स्मारकात राखला, ते योग्यच झालं. पण ही विद्या हाताची आहे, आणि हाताची विद्या हातातच जगते. या शहरात दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन यांसारख्या कलाशाळा आहेत. लेथवर मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा कातणारे कारागीर उद्यमनगरात आहेत. चित्रकार आणि मेस्त्री एकत्र आले तेव्हा १९१८चा कॅमेरा झाला. तो जोड आजही गावात आहे; दोघांना एका खोलीत आणणं तेवढं बाकी आहे.

म्हणून मागणी साधी आहे. शहरात एक सार्वजनिक डार्करूम असावी, जिथे शाळेतली मुलगी आपला रोल स्वतः धुवेल. तिथल्या एका टेबलावर हाताने दांडा फिरवायचा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा पुन्हा घडवायला घ्यावा, आकड्यापासून दांड्यापर्यंत, आणि त्यावर घेतलेली फिल्म त्याच खोलीत धुवावी. खर्च फार नाही. जागा, पाणी, थोडी रसायनं आणि शिकवणारी चार माणसं एवढंच लागतं. सावेदादांची फिल्म लंडनला जात होती, तिथून इथवर यायला त्या पिढीला वीस वर्षंही लागली नाहीत. आपल्याला तर वाट माहीत आहे.